मासोळ्यांची घडवंची

सटवाजी सुताराने पितळी थाळी काठोकाठ भरली, घडवंचीवर ठेवली आणि श्वास धरला. थाळीतलं पाणी थरथरलं आणि उभं राहिलं. कुठल्याच बाजूने थेंब ओघळला नाही. मग त्याने थाळी दोन्ही हातांनी उचलून ते पाणी परत तांब्यात ओतलं. निजामाच्या राज्यातला, १३४९ फसली सालचा वैशाख होता. गावातले सगळे आड कोरडे पडले होते. पाणी उरलं होतं ते फक्त माणिकराव देशमुखांच्या विहिरीत, आणि तेही घराला रोज दोनच घागरी.

"झाली का बराबर, सुतारमामा?" माणिकरावांचा गडी सोनाजी म्हणाला. "न्हाई तर त्या गाडीसारखं व्हायचं. मासोळ्या तुमच्या धोतरात शिरतीन."

दोन वर्षांमागे सटवाजीने केलेल्या गाडीचा कणा आखाडा बाळापूरच्या भर बाजारात मोडला होता. लाकूड गाडीवाल्यानेच कच्चं दिलं होतं, पण गाव हसलं ते सुताराला.

ही घडवंची घागरींसाठी नव्हती. माणिकरावांच्या हैदराबादच्या व्याह्यांनी काचेची पेटी पाठवली होती. हिंगोली स्टेशनावरून ती गवतात गुंडाळून बैलगाडीने आली. सोबत हंड्यात चार तांबड्या मासोळ्या. उद्या व्याही स्वतः येणार होते. त्याआधी पेटी ओसरीवर मांडलेली हवी होती. ओसरीची फरशी अंगणाकडे उतरती. म्हणून सटवाजीने पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा तीन सूत लांब ठेवले होते. बाभूळ जुनी, सांधे पाचर मारून आवळलेले, खिळा एकही नाही. तीन दिवस तो त्या ओसरीवरून हलला नव्हता.

मजुरीत त्याने ज्वारी मागितली नव्हती. त्याची लेक शालू सासरहून, हट्टा गावाहून, बाळंतपणाला आली होती. बाळंत होऊन आज चौथा दिवस, आणि अजून ना तिला न्हाणं मिळालं होतं, ना लेकराला. "काम झालं की बारशापर्यंत रोज दोन घागरी जास्तीच्या द्या, मालक," एवढंच तो म्हणाला होता. माणिकरावांनी मान डोलावली होती.

पेटी घडवंचीवर चढली. चार बायका विहिरीवरून पाणी आणू लागल्या. देशमुखांकडे काम निघालं की बलुतेदारांच्या बायकांनी पाणी भरायचं, असा रिवाज होता. त्यांत सटवाजीची बायको द्वारकाबाईही होती. त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तो उकिडवा बसून घडवंचीला कान देत होता. एखादा सांधा कुरकुरतो का, ते ऐकत होता.

पेटी निम्मी भरली तेव्हा माणिकरावांच्या पत्नी नर्मदाबाई आतून आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी काही बोलल्या. माणिकरावांनी हात वर केला.

"बस. अर्धीच राहू द्या."

सोनाजी फिसकन हसला. सटवाजी उठून उभा राहिला. त्याचे कान तापले होते.

"काहून मालक? माझ्या लाकडावर भरवसा न्हाई?"

"तसं न्हाई रे..."

"मग काठोकाठ भरा. एका कोपऱ्यात सूतभर फरक निघाला, तर पुन्हा रंध्याला हात लावणार न्हाई."

द्वारकाबाई पायरीपाशी रिकामी घागर घेऊन उभी होती. मालकासमोर, चार माणसांत, नवऱ्याचं बोलणं खोडायची बाईला सोय नव्हती. पदर दातांत धरून ती नुसती नकाराची मान हलवत होती. सटवाजीला ते दिसलं. हिलाही ती गाडीच आठवली, असं त्याला वाटलं. तो आणखी चिडला.

"भरा म्हणतो ना! लाकूड माझं हाय."

माणिकरावांनी बायकोकडे पाहिलं, मग पेटीकडे. भरलेली पेटी व्याह्यांना जास्त शोभून दिसली असती.

"बरं बाबा, तुझ्या मनासारखं," ते म्हणाले. "भरा."

बायका पुन्हा गेल्या. आता त्यांना परतायला फार वेळ लागत होता. शेवटची घागर द्वारकाबाईने आणली. तिच्यातलं पाणी गढूळ होतं, ते फडक्यातून गाळून ओतावं लागलं. पाणी काठाला टेकलं. चारी कोपऱ्यांत एकसारखं. घडवंचीने हूं की चूं केलं नाही. मासोळ्या सोडल्या, त्या एकदा तळाला गेल्या आणि वर आल्या.

"मानलं, सुतारमामा," सोनाजी म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

सटवाजीने वाकस, पटाशी, गुण्या अशी हत्यारं पिशवीत भरली. दोन वर्षांत पहिल्यांदा तो ताठ मानेने देशमुखांच्या पायऱ्या उतरला. खाली द्वारकाबाई उभी होती. त्याने तिच्या हातातली घागर स्वतःच घेतली.

"चल, शालूच्या दोन घागरी काढून नेऊ. लेकराला आज न्हाऊ घाल."

द्वारकाबाई जागची हलली नाही.

"कशातून काढता? विहिरीच्या तळाचा चिखल वर आला," ती म्हणाली. "त्या दोन घागरी ऱ्हाव्या म्हणून तर मी नर्मदाबाईंचे पाय धरले व्हते. 'अर्ध्यावर थांबा' म्हणायला मीच लावलं व्हतं."