दुसरं कडवं

धाकट्या बहिणीने लिहिलेलं गाणं दूधवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं, म्हणून बाईंनी मोठ्या कौतुकाने अलंकार शिकवायला तेच घेतलं. ध्रुवपद त्यांना पाठ होतं. दुसरं कडवं मात्र एका मुलीने फळ्यावर उतरवलं, तेव्हा कुठे त्यांनी वाचलं. 'तू गेलास, तरी रविवारी तुझ्या शर्टांना इस्त्री करते.'

"बाई, ही अतिशयोक्ती ना? मेलेल्या माणसाच्या शर्टांना कोण इस्त्री करत बसतं?" ती मुलगी म्हणाली. वर्ग खो-खो हसला.

शर्टांचं बाईंनी एकट्या धाकटीला सांगितलं होतं, तेही शपथ घालून.

"अतिशयोक्तीच," म्हणत त्यांनी फळा पुसला.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "ताई, माझं गाणं शिकवलंस म्हणे. आवडलं का मुलांना?"

"आवडलं गं. फक्त ते शर्टांचं कुणाला खरं वाटलं नाही."