तिसरी हाक

"सर, वेग कमी होतोय."

कॅप्टन बोलले नाहीत. समोर धावपट्टी दिसत होती, विमान खाली उतरत होतं, आणि इंजिनाच्या दांड्यावरचा त्यांचा उजवा हात घसरून मांडीवर पडला होता.

शेजारच्या सहवैमानिक मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला सगळे मास्तर म्हणत, अर्थात माघारी. कान उपटून उपटून त्यांनी कितीतरी वैमानिक तयार केले होते. आज निघतानाही त्यांनी तिला बजावलं होतं, "दोनदा विचारायचं. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही, तर विमान आपल्या हातात घ्यायचं. शेजारी कोण बसलंय ते बघायचं नाही."

"सर, वेग!"

उत्तर नाही. मास्तरांचे डोळे उघडे होते, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

मास्तरांच्या हातून विमान काढून घ्यायचं? तिची जीभ रेटेना.

"सर... ऐकताय ना?"

विमान थरथरायला लागलं.

"विमान माझ्याकडे!" ती ओरडली. सुकाणूवरची मास्तरांची डावी मूठ अलगद सुटली.

तिने इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक सावरलं, विमान पुन्हा वर नेलं. टॉवरमधला माणूस विचारून विचारून हैराण झाला, तरी तिने त्याला ताटकळत ठेवलं. आधी विमान, मग बोलणं, ही शिकवणही मास्तरांचीच. विमान स्थिर झालं तेव्हा कुठे तिने डॉक्टर मागवले. प्रवाशांची व्यवस्था बघणाऱ्या पर्सरताईंनी आत येऊन मास्तरांना मागे ओढून पट्ट्यांनी खुर्चीला घट्ट बांधलं. मग तिने विमान उतरवलं. चाकं टेकली ती मास्तरांची टेकत तशीच, हलकेच.

खाली स्ट्रेचरवर मास्तरांचे डोळे तिलाच शोधत होते. ती वाकली. त्यांनी डावा हात उचलून तीन बोटं दाखवली.

"तीन काय?" डॉक्टर गोंधळले. "काही हवंय का तुम्हाला?"

मास्तरांनी चिडून मान हलवली. एक बोट मिटलं. उरलेली दोन त्यांनी तिच्या नाकासमोर नाचवली.

म्हणजे त्यांना सगळं ऐकू येत होतं! तिला एकदम रडू फुटलं, आणि हसूही.

"चुकलं, सर. पुन्हा तिसऱ्यांदा नाही विचारणार."

मास्तरांनी मान डोलावली, आणि मगच डॉक्टरांना हाताने खूण केली, की चला आता.