चढावरचं अंतर

आई गेल्यानंतर बाबांनी गिअरची सायकल घेतली आणि हट्टानं तिला मागं कॅरिअर बसवून घेतलं. पूर्वी आईला मागं बसवून जायचे तसंच दर रविवारी बजाजनगरहून वेरूळला जायचं आणि परत यायचं. ही रपेट मोजायला कोणतं ॲप बरं, ते ठरवायचं म्हणून करुणानं त्यांच्या मोबाईलवर तीन ॲप टाकली आणि तिन्ही एकदमच चालू करून दिली. दुपारी बाप-लेक आकडे बघत बसले.

"पहिली दोन झकास आहेत बाबा. वेग बघा तुमचा! तिसऱ्यानं मात्र पार गोगलगाय करून टाकलंय तुम्हाला."

"दौलताबादचा घाट कोणी कोणी धरलाय?"

करुणानं नकाशा मोठा करून पाहिला. घाटात बाबा उतरून सायकल हातात धरून चालले होते. पहिल्या दोघांनी तेवढा तुकडा सरळ गाळून टाकला होता.

"फक्त तिसऱ्यानं."

"मंग तेच राहू दे."

"पण बाबा, एवढे गिअर असताना उतरता कशाला?"

बाबा चष्मा पुसत राहिले.

"डबलशीट असल्यावर चढाला उतरावंच लागतं, बाई."