हुशार मुलींची भिंत

कल्याणच्या मुलींच्या शाळेत पंतोजी हुशार मुलींना एका भिंतीशी बसवत आणि ढ मुलींना समोरच्या. यमी ढांच्या ओळीत होती. आज पंतोजींनी तिच्या आईलाच बोलावलं. "बाई, हिला घरी न्या. काही विचारलं, तर नुसती बघत राहते." घरी सासूबाईंना हेच हवं होतं, मुलीची शाळा सुटावी. आईने पदर सावरला. "तान्ही असताना हिचा डावा कान सारखा वाहायचा, त्याने ऐकू येत नाही. इथे बसली की तोच कान तुमच्याकडे येतो. दळताना माझ्याबरोबर पाढे म्हणते. पलीकडे बसवून एकदा विचारा." "हुशार मुलींत?" पंतोजी हसले, पण त्यांनी यमीला तिथे बसवलं. "सतरा नव्वे?" "त्रेपन्नासे!" यमी इतक्या मोठ्याने ओरडली की रस्त्यावरची कुंभारीण थबकली. "अठरा सत्ते?" "सव्वीसासे!" दोन्ही उत्तरं बरोबर. एरवी आई म्हणाली असती, "हळू गं." आज म्हणाली नाही. ऐकू दे अख्ख्या कल्याणला.