उशाशी ठेवलेला फोन

भूषणचा गेम सुटावा म्हणून मधुरिमाने त्याच्या फोनचा चार्जर तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला होता. तरी रविवारी दुपारी फोन फुल्ल. यानं दुसरा चार्जर आणलाय नक्की, असं म्हणत तिने विजय नगरचा तो एवढासा फ्लॅट पालथा घातला. काहीच सापडलं नाही.

"चार्ज कुठे करतोस रे तू?"

"मी कुठे करतो?" हॉलमधून नवरा म्हणाला. "अंगाई लावून रेवाच्या उशाशी ठेवतो. ती उठेपर्यंत फुल्ल. मला वाटलं, तूच लावतेस."

रांगायच्या वयाची त्यांची रेवा हल्ली फार झोपायची. उठली तरी आईच्या खांद्यावर मान टाकायची, दूध अर्धवट सोडायची. डॉक्टर म्हणाले होते, कुछ नहीं है, बच्चे सोते हैं.

मधुरिमा दबक्या पावलांनी आत गेली. फोन उशाशीच होता. वायर नव्हती. पडद्यावरचं बॅटरीचं हिरवं चित्र रेवाच्या श्वासागणिक थोडं थोडं भरत होतं.

तिने झडप घालून फोन उचलला. तशी रेवाने डोळे उघडले आणि आईकडे बघून खुदकन हसली. गालांवर चक्क लाली होती.

"उठलं गं माझं पिल्लू," मधुरिमा म्हणाली.

"मधु, आण ना यार फोन," बाहेरून भूषण म्हणाला. "गेममधले सगळे भिया लोग माझ्यासाठी थांबलेत."

तिने मुठीतल्या फोनकडे पाहिलं. हिरवं चित्र अजून भरत होतं, आता भराभर.

फेकून द्यायला तिने हात उचलला, आणि तिला जांभई आली.