सात किलोची बॅग

"एकाहत्तर पॉइंट सहा," बॅग छातीशी धरून काट्यावर उभा असलेला नागसेन म्हणाला. "वजा चौसष्ट. सात पॉइंट सहा झाली. सहाशे ग्राम काढा."

"बाबा, बॅगच ठेवा ना काट्यावर," करिष्मा म्हणाली.

"ठेवली की आकडाच झाकते. वाचू कसा?"

नागसेन रामटेके भिलाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं ट्रकच्या काट्यावर होता. रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे टेअर. तो एकदा घ्यायचा, गाडीच्या दारावर लिहायचा, आणि भरलेली गाडी आली की त्यातून वजा करायचा, ही त्याची रीत. इथे गाडी तो स्वतःच. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं काट्यावर उभं राहून त्यानं कपाटाच्या दारावर खडूनं लिहून टाकलं होतं, ६४. विषय संपला.

करिष्माला डब्लिनला नर्सची नोकरी लागली होती. निघायला महिना होता, पण नागसेनला दम कुठला? हातातल्या बॅगेला सात किलोची परवानगी, वर एक ग्राम नाही. कागद, लॅपटॉप, आई चंपाचे पापड एवढ्यातच सात भरले. दीक्षाभूमीहून आणलेली पितळेची बुद्धमूर्ती तेवढी मेजावर राहिली. करिष्माला ती न्यायचीच होती आणि हातातच न्यायची होती. मूर्ती राहणार म्हटल्यावर तिनं डोळे पुसले, आणि ते नागसेनच्या मनाला फार लागलं.

आठवड्यानं त्यानं बॅग पुन्हा तोलली. सहा पॉइंट तीन.

"चंपा, काय काढलं वो यातून?"

"मी कायले काढू? नंबरचं कुलूप हाये त्याले. नंबर तुमच्या पोरीलेच माहीत."

करिष्मा रायपूरच्या ड्यूटीवरून थकून आली होती. तिनं बॅग उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं.

"मग सातशे ग्राम गेले कुठं?" नागसेन म्हणाला.

शेवटी चंपानंच मार्ग काढला. जागा झालीच आहे तर लाखोळीची डाळ भरली. बरोबर सात झाले.

पुढच्या आठवड्यात बॅग सहावर आली.

आता मात्र घर चक्रावलं. नागसेन हुडको कॉलनीतल्या किराणावाल्याकडून दहा किलोचं लोखंडी माप उचलून घेऊन आला. तेवढ्यात त्याला धाप लागली, दोनदा बसावं लागलं. माप काट्यावर ठेवलं. दहा पॉइंट शून्य.

"काटा तर खरा हाये," तो म्हणाला, आणि डोकं धरून बसला.

"मले तर बॅग उलट जड लागून राहिली," चंपा म्हणाली.

"मलेही लागते. पण हातानं वजन होते का? काटा बोलते तेच खरं."

त्या रात्री तो अर्धी पोळी ताटात ठेवूनच उठला. मुलगी परक्या देशी जाणार म्हटल्यावर बापाच्या घशाखाली घास उतरतो थोडाच? करिष्मानं कुलूप उघडून दिलं, चंपानं तिखटाची पुडी आणि कुरडया भरल्या. पुन्हा सात.

निघायच्या सकाळी नागसेननं पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं आणि बॅग घेऊन काट्यावर चढला. वजाबाकी केली. परत केली.

"चार पॉइंट सात," तो हळूच म्हणाला. "मले काहीच समजून नाही राहिलं."

"समजायचं काय हाये, अजी," चंपा म्हणाली. "मूर्ती ठेवा."

करिष्मानं मूर्ती ओढणीत गुंडाळून बॅगेत ठेवली. बरोबर सात. पोरगी इतकी खूश झाली की कोडं तसंच राहिलं.

दिल्लीपर्यंत सोडायला नागसेनही विमानानं निघाला होता. रायपूरच्या विमानतळावर चंपा बाहेरच थांबली. आत काउंटरजवळ बॅगा तोलायचा मोठा काटा होता. करिष्मानं बॅग त्यावर ठेवली.

"अंकल, ग्यारह किलो है," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मॅडम, आपका काटा खराब है. मैं इकतीस साल काटेपे था."

मुलीनं मागच्या माणसाची बॅग ठेवून दाखवली. त्यानं घरून साडेसहा तोलून आणली होती. साडेसहाच भरली.

"चार किलो निकालना पडेगा, अंकल."

नागसेनचं तोंड उतरलं. "मूर्ती काढ, बेटा," तो म्हणाला. "डाळ काढ. मी दिल्लीहून परत आणतो. पण हे झालं कसं? सकाळी सात होती वो. मी माह्या हातानं तोलली."

करिष्मा बॅगेची चेन उघडायला खाली वाकली. तिच्या डोळ्यांसमोर बापाचा पट्टा होता. त्याचं टोक वीतभर लोंबत होतं. शेवटच्या भोकाच्या पुढे खिळ्यानं पाडलेली तीन भोकं होती. चेनवरचा तिचा हात तिथेच थांबला.

"बाबा, ते चौसष्ट कधी घेतलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. टेअर एकदाच घेतात."

"त्याच्यानंतर नाही?"

"कायले घेऊ? गाडी तीच हाये ना."

करिष्मानं बॅग उचलून बाजूला ठेवली. तिचा आवाज अगदी वॉर्डातल्यासारखा शांत होता.

"चपला काढा, बाबा. चढा याच्यावर."

नागसेन चढला. आकडा साठवर थांबला.