कारण : रुग्ण एकटी

"ही मंजुळाबाई कोण?" डॉक्टर विनीतनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "दर गुरुवारी येते. वर्षभर प्रेशर नॉर्मल, गोळी तीच. मग दर आठवड्याला कशाला बोलावता?"

ठाकुर्लीच्या त्या आरोग्य केंद्रात मायाला नर्स असूनही ठरावीक यादीतली औषधं लिहून द्यायची परवानगी होती. महिन्यातून एकदा कल्याणहून डॉक्टर येऊन तिच्या नोंदी तपासायचे. कारणाशिवाय तपासणी नाही आणि तपासणीशिवाय गोळी नाही, हा नियम. माया कामात सुतासारखी सरळ. एवढा एक गुरुवार सोडला तर.

"एकटी आहे हो म्हातारी, सर. बोलायला कोणी नाही."

"एकटेपणावरची गोळी आहे आपल्या यादीत?"

"नाही, सर."

"मग तीन महिन्यांनी बोलवा. पुन्हा असं दिसलं तर मला शेरा मारायला लागेल. परवानगी जाईल तुमची."

आपण एकटी आहोत, हे म्हातारीने कधी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला हवं? "घरी कोण असतं, आजी?" असं विचारलं की मंजुळाबाई "असतात की," म्हणून विषय बदलायच्या. उलट मायालाच विचारायच्या, जेवलात का, झोप लागते का, गावी फोन केलात का. एकटी माणसं असंच करतात, हे मायाला पक्कं ठाऊक होतं. ती भाड्याने राहायची त्या माजिवड्याच्या खोलीची मालकीण असंच विचारायची, तेव्हा मायाही "आहेत की सगळे," म्हणून जिना चढायची. सगळे म्हणजे कोण, हे मालकिणीने कधी विचारलं नाही.

गुरुवारी मंजुळाबाई आल्या. मायाने दंडाला पट्टा बांधला, प्रेशर घेतलं. एकशे बावीस. मग घसा खाकरून तिने सांगून टाकलं.

"तीन महिन्यांनी?" मंजुळाबाईंनी पदर सारखा केला. "जमेल का, सिस्टर?"

"जमवायला लागेल, आजी. नियम आहे."

"नियम आहे तर काय बोलणार. पण तीन महिने म्हणजे लय झाले हो."

जाताना त्या दारात दोनदा मागे वळल्या.

पुढचा गुरुवार तसाच गेला. त्याच्या पुढचाही. पेशंट होते, खोकला होता, जुलाब होते. पण डबा उघडताना भाजी कसली आणली, हे कोणी विचारलं नाही. मायाला म्हातारीचीच काळजी लागून राहिली. त्या बिचारीने दिवस कसा काढला असेल? बोलायचं तरी कोणाशी, भिंतीशी?

तिसऱ्या गुरुवारी दुपारी तिने गृहभेटीचं पान उघडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'रुग्ण एकटी'. शेरा तर शेरा. प्रेशरचं मशीन पिशवीत टाकून ती निघाली.

चाळीतली खोली लगेच सापडली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. माया तिथेच थांबली. भरदुपारी एवढ्या चपला कशासाठी जमतात, हे तिने नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. उशीर झाला आपल्याला. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आत कोणीतरी खो खो हसलं. पाठोपाठ मंजुळाबाईंचा आवाज आला, "अगं, पोरीला आधी वाढा, मग हसा!"

पिठाच्या हातांनी एक बाई बाहेर आली. "काय झालं? कोण पाहिजे? मी दीप्ती, इथली मोठी सून." मग चपलांकडे बघून ओशाळली. "पाय ठेवायला जागा नाही ना? तेरा माणसं आहोत आम्ही. रोजचीच जत्रा आहे."

दीप्तीने तिच्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, ओल्या डोळ्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग हळूच तिचा हात धरला आणि आत वळून हाक मारली,

"आई, लवकर या, तुमची गुरुवारची पेशंट आलीये!"